तैमूर झालेली उम्म सफवान

होम्सच्या बाब द्रेब मोहल्ल्यात लग्नाची तारीख धरताना दोघांची सवड बघावी लागे. एक निकाह लावणारा शेख आणि दुसरी उम्म सफवान, म्हणजे सफवानची आई. शेख आजारी पडला तर शेजारच्या मशिदीतून दुसरा आणता येई. उम्म सफवानचा घसा बसला तर लग्नच पुढे ढकलत. कारण नवरीच्या नावाने चार ओळी जुळवून म्हणाव्यात आणि शेवटी जीभ टाळूशी नाचवत झलगूता, म्हणजे आनंदाची लांबलचक किलकारी, द्यावी, तर ती तिनेच. बाकीच्या बायका देत नसत असं नाही. पण त्यांचा झलगूता ही किटलीची शिट्टी आणि उम्म सफवानचा म्हणजे आगगाडीची.

तो सुरू झाला की गच्च्यांवरची कबुतरं उडत. कबुतरबाज अबू दीब एकदा तिच्या दारात भांडायला आला, की बाई, तुझ्या गळ्यापायी माझी पाखरं पार नदीकाठच्या वस्तीत जाऊन उतरली, आणि तिथल्या चोरांनी ती आपल्या पिंजऱ्यात घातली. उम्म सफवान दारात उभी राहिली, म्हणजे दार बंद झाल्यासारखंच झालं, आणि म्हणाली की बरं, तुझ्या लेकीच्या लग्नात हळूच देईन हो. अबू दीबचा चेहरा पडला. कबुतरं गेली तर गेली, पण लेकीच्या लग्नात हळू? तो माफी मागून, वर तिनेच दिलेली वांग्याच्या लोणच्याची बरणी घेऊन परत गेला.

बाई उंच, रुंद आणि गोरीपान. नवरा अबू सफवान तिच्याशेजारी उभा राहिला की कपाटाला टेकवलेल्या छत्रीसारखा दिसे. त्याला तिच्या गळ्याचा मोठा अभिमान. लग्नघरी पुरुषांच्या बाजूला तो बसलेला असे, आणि आतून झलगूता आला की कुणी विचारलेलं नसताना शेजाऱ्याला सांगे, "आमच्या घरातून आहे तो."

युद्धात होम्स सुटलं आणि हीच बाई पुढे इर्बिदला आली. जॉर्डनमधल्या या गावात आम्ही होम्सचे लोक इतके झालो आहोत, की भाजीवालासुद्धा आता आमच्यासारखा हेल काढून बोलतो आणि वर आमच्यावरचेच विनोद आम्हाला ऐकवतो. दोन खोल्यांचं घर, एक खिडकी, खिडकीत तुळशीच्या जातीचं एक रोप. उम्म सफवान सकाळपासून मांडी घालून कोसे कोरत बसे. हे कोवळे, बोटभर लांबीचे दुधी आतून पोकळ करायचे, साल फाटू द्यायची नाही. मग गावातल्या नोकरदार बायका ते नेऊन त्यात भात-खिमा भरतात. ती कोरत राही, आणि घरात फक्त सुरीचा खरखर आवाज. ज्या बाईने बोलायला सुरुवात केली की पाहुण्यांच्या चहावर साय येई, ती आता "हो", "नाही", "मीठ दे" एवढ्यावर दिवस काढी. अबू सफवानने रेडिओ विकत आणला. शांततेची त्याला सवय नव्हती.

सफवान गेला होता. पाव आणायला म्हणून गेला आणि पाव घेऊन चौक ओलांडताना गोळी लागून गेला. तेव्हा चौक ओलांडणं हीच मोठी गोष्ट होती. मिसरूड नुकतं फुटलेलं, लग्न व्हायचं. त्याहून जास्त ती कुणाला सांगत नसे, आणि इर्बिदमध्ये कुणी विचारतही नसे, कारण प्रत्येक घरात एक चौक होताच.

मग रनीमचं लग्न ठरलं. रनीम ही तिची लेक, सफवानच्या पाठची. मुलगा दरा भागातला, मोटारींच्या काचा बसवणारा मोअतझ. साखरपुड्याची फातिहा वाचून झाली, कॉफी झाली, आणि मुलाची आई उठता उठता म्हणाली, "विहीणबाई, तुमच्या गळ्याची कीर्ती आमच्या खेड्यापर्यंत आली होती हो. आमच्या सगळ्या जावा-नणंदा फक्त तो ऐकायला येणार आहेत. पोरीची पाठवणी आईच्या झलगूत्याशिवाय म्हणजे मिठाशिवाय भाकर." बिचारीने गोड बोलायचं म्हणून बोललं. उम्म सफवानने मान हलवली आणि आत जाऊन कोशांची परात पुढे ओढली.

दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या मध्ये जाऊन उभी राहिली. तोंडापुढे हात धरला, जीभ उचलली. काही नाही. जीभ म्हणजे जोड्याचा तळ झालेली. पुन्हा करून पाहिलं. नुसती हवा. खाली रनीम जिन्यात उभी होती. आई उतरली. मुलीच्या हातातली कपड्यांची बादली रिकामी होती, म्हणजे ती कपडे वाळत घालायला आलेली नव्हतीच.

डॉक्टरने घशात दिवा घालून पाहिलं. म्हणाला, घसा घोड्यासारखा आहे. अबू सफवानला त्याचा राग आला. म्हणाला, घोड्याचा काय संबंध.

औषधांच्या दुकानाच्या खाली तळघरात एका संस्थेची खोली आहे. तिथे दर बुधवारी बायका जमतात आणि नाटक करतात, त्याने म्हणे मनावरचं ओझं उतरतं, असं रनीमला कळलं. तिने आईला सांगितलं. आई म्हणाली की नाटकं करायची असती तर मी लग्नच का केलं असतं. रनीमने सांगितलं की तिथे रॉकेलची मोठी शेगडी आहे आणि ती दिवसभर पेटलेली असते. जानेवारी होता. उम्म सफवानने कोट चढवला.

शिकवायला अम्मानहून एक मुलगी येई. दीमा नाव, केस पोरासारखे कापलेले, पायात पळायचे बूट, अंगावर मांस म्हणाल तर चिमणीएवढं. बायका तिला दीमाबाई म्हणत आणि आल्या आल्या तिच्या हातात काहीतरी खायला कोंबत. ती सांगे की डोळे मिटा, झाड व्हा. बायका होत. त्यांतली खौला ही हमाची, बारीक, तोंडाची तिखट. ती ऑलिव्हचं झाड झाली आणि उभ्या उभ्या ओरडली की कुणीतरी फळं उतरवा गं, फांद्या दुखायला लागल्या. उम्म सफवान शेगडीशेजारच्या खुर्चीवरून हलली नाही. दीमाबाईने हळूच विचारलं, "मावशी, तुम्ही काय झालात?"

"भोपळा," उम्म सफवान म्हणाली. "भोपळा बसूनच असतो."

त्या दिवशी ती आल्यापासूनचं सर्वांत लांब वाक्य बोलली होती. खौलाने मान डोलावली. म्हणाली, होम्सची असून खरं बोलली, काळजी घ्यायला हवी हिची.

आता हे होम्स-हमाचं भांडण समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. शेजारची गावं, एकच नदी दोघांना पाणी पाजते, एकच मिठाई दोघं आपली म्हणतात, आणि सगळ्या देशाने मिळून मूर्ख ठरवलं आम्हाला, होम्सवाल्यांना. खौलाकडे आमच्यावरचे विनोद पोत्याने होते. होम्सचा माणूस हमामात छत्री घेऊन जातो, कारण आत वाफेचे ढग असतात असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. असले. आणि तिला उत्तर म्हणून आमच्याकडे एकच गोष्ट होती, हमाचे रहाट. नदीवरचे ते प्रचंड लाकडी रहाट रात्रंदिवस कण्हतात, आणि हमाचं माणूस तोंड उघडून गायला लागलं की त्यातून नेमका तोच आवाज येतो. खौला ठट्टेत सगळ्यांना पुरून उरे. फक्त दारावर टकटक झाली की वाक्य अर्धंच टाके आणि दाराकडे बघत राही. तिच्या नवऱ्याला पकडून न्यायला आले तेव्हाही दार आधी नीट वाजवलं होतं म्हणे.

एका बुधवारी दीमाबाईने विचारलं की आपलं एक नाटक बसवू या का, तुमच्यापैकी कुणाच्या गावची एखादी गोष्ट घेऊन. खौला म्हणाली, होम्सची घ्या, वेड्यांची. आज बुधवारच आहे, वेड्यांचा सण.

ती गोष्ट आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला माहीत असते. तैमूर आला होता. आधीची शहरं जाळत, मुंडक्यांचे ढीग रचत आला. होम्सच्या वेशीवर येऊन थांबला, आणि शहरातून लोक बाहेर आले ते डोक्यावर पातेली घालून, उलटे कपडे नेसून, परातींवर पळे बडवत, नाचत, रडत, हसत. तैमूर म्हणाला, या गावच्या पाण्यात दोष आहे, माझ्या सैन्याने ते प्यायला नको. आणि निघून गेला. वार बुधवार. बाकीचे शूर होते, ते मेले. आम्ही नाटक केलं आणि वाचलो. इतिहासवाले यावर नाकं मुरडतात. मुरडोत. ज्यांच्या गावाला कधी सोंगाने वाचवलेलं नाही त्यांना हे कळायचं नाही.

तैमूर कोण होणार यावर चर्चाच झाली नाही. सगळ्यांच्या माना एकदम शेगडीकडे वळल्या. उम्म सफवानने खूप नाही नाही म्हटलं, पण दीमाबाईने सांगितलं की तैमूरला सबंध नाटकभर बसूनच राहायचं आहे. हे तिला पटलं. तिला एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या सिंहासनावर बसवलं, सुरम्याने मिशा काढल्या. खौला म्हणाली की थोड्या आधीच होत्या, सुरमा वाचला. आणि उम्म सफवानच्या ओठाचा कोपरा, मिशीखाली, जरासा हलला. रनीम त्या दिवशी आईला घ्यायला आली होती. ती दारातूनच परत जिन्यात गेली आणि तिथे बसून रडली. एवढ्याशा हलण्यावर.

दीमाबाईचा नियम एकच. सोंग घेतल्यावर कुणी काहीही बोललं, ठरलेलं असो वा नसो, तरी खेळ थांबवायचा नाही. उत्तर खेळातच द्यायचं.

तालीम रंगू लागली. वेड्यांच्या मिरवणुकीत एक लग्न घालायचं ठरलं. नवरदेव झाडू. झाडूला पांढरा रुमाल बांधला, मोगऱ्याऐवजी कोथिंबिरीची जुडी खोचली, आणि खौला झाली नवरदेवाची आई. ठरलं होतं ते असं: बायका झाडूला खांद्यावर घेऊन पातेली बडवत येणार, तैमूर विचारणार की हा काय वेडेपणा, आणि खौला झलगूता देणार. तिचा झलगूता निघे रहाटासारखाच. उम्म सफवान सिंहासनावर डोळे मिटून घेई. जाणकाराला तो छळ सहन होत नव्हता, आणि सुधारून दाखवायला जीभ नव्हती.

त्या बुधवारी बायका खोलीच्या त्या टोकाकडून निघाल्या. पातेली, पळे, आरडाओरड. झाडू आडवा, चार खांद्यांवर, पांढरा रुमाल चालण्याच्या झोक्याने हलतो आहे. तैमूरने बोलायची वेळ आली. तैमूर बोलेना. मग तिने तोंड उघडलं, आणि जो आवाज आला तो तैमूरचा नव्हता, आणि तिचाही नव्हता.

"झलगूता दे, उम्म सफवान," ती खौलाला म्हणाली. "तुझा मुलगा नवरदेव झालाय. झलगूता दे."

पळे थांबले. खौलाने एकदा दीमाबाईकडे पाहिलं. दीमाबाईने पापणीसुद्धा हलवली नाही. खेळ थांबवायचा नाही.

खौलाने हात कमरेवर ठेवले. "नाही देणार," ती म्हणाली.

"लोक वाट बघतायत."

"बघू देत."

"सगळे म्हणतायत, आईनं दिलाच पाहिजे. पोरगा उघडा जाईल नाहीतर."

"सगळ्यांचा आहे का पोरगा? माझा आहे. मला आधी रडायचंय. रडून झालं की बघू. नाहीतर नाहीच बघणार."

आणि मग तैमूर, ज्याच्या घोड्यांच्या टापांनी शहरं ओस पडली, तो खुर्च्यांवरून खाली उतरला. उतरताना वरची खुर्ची पडली. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. उम्म सफवान खौलाच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"असं म्हणता येतं?" तिने विचारलं.

खौला म्हणाली, "आत्ता म्हटलं की."

उम्म सफवान जमिनीवर बसली. खांदेकरी बायका वाकल्या आणि त्यांनी झाडू तिच्या मांडीवर ठेवला. का ठेवला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तिने त्याचा रुमाल सारखा केला, कोथिंबीर काढून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "पाव कशाला आणायला गेलास यम्मा, शिळा होता की घरात." आमच्याकडे आई लेकराला लाडाने 'आई' म्हणूनच हाक मारते. आणि मग ती रडली. मी काय सांगू कशी रडली. आजवर झलगूत्याने कबुतरं उडवणारा तो गळा, त्याला रडायचीही ताकद तेवढीच होती. वरच्या दुकानातला औषधवाला धावत खाली आला, दारातून आत बघितलं, एक मिशाळ बाई झाडू मांडीवर घेऊन हंबरडा फोडते आहे आणि सभोवती डोक्यावर पातेली घातलेल्या बायका डोळे पुसतायत. तो शहाणा माणूस, दार लोटून घेऊन निघून गेला. तैमूरसुद्धा असाच गेला असेल.

मग तिने सांगितलं. बिनलग्नाचा तरुण गेला की त्याला नवरदेव म्हणून वाटेला लावायचं, ही रीत. खांद्यांवरून सफवान निघाला, गल्ली माणसांनी भरलेली, गच्च्या भरलेल्या, आणि सगळे म्हणाले, उम्म सफवान, झलगूता दे. तिने दिला. ती म्हणाली, इथवर कुणालाही ठाऊक आहे. इथवर सांगायला लाज नाही.

"तो चांगला निघाला," ती म्हणाली. तिच्या मिशा एव्हाना गालभर झाल्या होत्या. "माझ्या उभ्या जन्मात इतका चांगला निघाला नव्हता. कुठं अडकला नाही, कुठं कापला नाही. लोक वाहवा म्हणाले. आणि माझ्या, माझ्या मनाला एक क्षण बरं वाटलं गं. पोरगा समोर, आणि मला बरं वाटलं, की चांगला निघाला."

म्हणून जीभ शिवली गेली होती. गळ्याला काही झालं नव्हतं. तिने स्वतःच दाराला आतून कडी घातली होती.

यावर काय बोलायचं असतं? दीमाबाई शिकलेली होती, ती गप्प राहिली. बोलली ती खौला. ती उम्म सफवानच्या शेजारी फतकल मारून बसली, डोक्यावरचं पातेलं काढलं आणि म्हणाली, "जीभ गं ती. तिला काय कळतं लग्न कुठलं नि मयत कुठली? जन्मभर तिला एकच काम शिकवलंस, ते तिनं केलं. त्या दिवशी तिनं दगा दिला असता तर तू तिला माफ केलं असतंस का?"

उम्म सफवानने बाहीने तोंड पुसलं. "नाही," ती म्हणाली.

"मग."

थोड्या वेळाने दीमाबाईने विचारलं की मावशी, पुन्हा एकदा करायचं का, पण आता तुम्ही आई, खौला तैमूर. खौला सिंहासनावर चढली, तिथे ती सिंहासनावर ठेवलेल्या बरणीएवढी दिसत होती, आणि जमेल तेवढा जाड आवाज काढून म्हणाली की झलगूता दे. उम्म सफवान "नाही" म्हणाली, तोंडातल्या तोंडात. तैमूर म्हणाला, ऐकू आलं नाही, माझ्या कानात रक्त सुकलंय. पुन्हा "नाही". सैन्याचा गलबला आहे, मोठ्यानं. आणि तेव्हा उम्म सफवानने छाती भरून घेतली आणि "नाही" म्हटलं. शेगडीची जाळी थरथरली. बायका सांगतात की वरच्या दुकानात बाटल्या एकमेकींवर वाजल्या. खौला सिंहासनावरून म्हणाली, "समजलं, निघतो मी. हमाकडचा रस्ता कोणता?"

हे सगळं जसंच्या तसं नाटकात ठेवायचं ठरलं. उम्म सफवाननेच ठरवलं. वसंत लागल्यावर त्याच तळघरात खेळ झाला. पुरुषांना बंदी. वस्तीतल्या बायका दाटीवाटीने बसलेल्या, मांडीवर पोरं, पिशव्यांत भाजलेल्या बिया. पहिल्या रांगेत रनीमची होणारी सासू, दोन जावांसह, कारण विहीण नाटकात आहे म्हटल्यावर न येऊन कसं चालेल. वेड्यांची मिरवणूक निघाली तेव्हा हसून हसून बायका वाकल्या. मग झाडू खांद्यावर आला. हसणं एका टोकाकडून कमी होत गेलं, जशी वात कमी करावी तसं. त्या खोलीत कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

तैमूर म्हणाला, झलगूता दे. उम्म सफवानने श्वास घेतला. पण ती बोलायच्या आधी मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "देऊ नकोस, बहिणी." एक म्हातारी होती, हुस्ना नाव, इदलिबकडची, गेली कित्येक वर्षं तिला कुणी बोलताना ऐकलं नव्हतं, लोक तिला मुकीच समजत. मग तिच्या शेजारची म्हणाली, नाही. मग पुढची. आणि मग ती सगळी खोली, आया, सासवा, बाळंतिणी, एका आवाजात "नाही" म्हणाली. मी जन्मभर लोकांची टिंगल करत आलो, आमच्या लोकांची तर विशेषच. पण त्या "नाही"ची गोष्ट ज्या बायका सांगतात, त्या सांगताना आवाज खाली आणतात, आणि मी ऐकताना टोपी काढतो. असं वाटतं, की वेशीवरून तैमूर परत गेला ते पातेल्यांना घाबरून नव्हे. त्या वेड्यांच्या घोळक्यात कुठेतरी एक आई उभी असणार.

रनीमची सासू खेळ संपल्यावर उम्म सफवानकडे आली. तिच्या कोटाची वरची गुंडी लावली आणि परत गेली.

लग्न ईदनंतर झालं. बायकांचा वेगळा हॉल, डफ, भात, बदामाची खीर. दराकडच्या जावा-नणंदा ओळीने बसलेल्या. कुणी काही मागत नव्हतं. ही शांतता सासूने आधीच दारोदार जाऊन पेरून ठेवली होती. एका लहान नणंदेने, "नवरीची आई कधी" एवढंच म्हटलं, तर सासूने तिच्या तोंडात अख्खा बकलावा कोंबला. रनीमने आईला सकाळीच सांगून टाकलं होतं, की मला नको आहे झलगूता. तू फक्त समोर बस, मला दिसशील अशी.

उम्म सफवान समोर बसली. न दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

रनीम आत आली. पांढऱ्या कपड्यांत. ओढणीचं टोक वाऱ्याने हललं, आणि खौलाने उम्म सफवानचा हात घट्ट धरला, कारण पांढरं काही हललं की काय होतं ते तिला ठाऊक होतं. डफ थांबला. दुसऱ्या कुणीतरी झलगूता द्यावा म्हणून बायका एकमेकींकडे बघू लागल्या, पण उम्म सफवानच्या देखत तोंड उघडायची कुणाची छाती होईना. नवरी मधोमध उभीच.

उम्म सफवानने खौलाचा हात सोडवला. उठली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. उलट सगळ्यांनी मिळून तिला न देण्याची मोकळीक दिलेली होती, आणि ती मोकळीक घेऊन ती उभी राहिली. तोंडापुढे हात धरला आणि 'आवीहा' या आमच्या हाकेने ओळी सुरू केल्या.

"आवीहा, दाराशी आम्ही लावली चमेली,
आवीहा, डोळ्यांच्या पाण्यानं वाढविली,
आवीहा, जपून न्या हो सोयऱ्यांनो तिला,
आवीहा, आमच्या अंगणाची सावली तुम्ही नेली."

आणि जीभ उचलली.

पहिल्यांदा नुसती हवा आली. मग खरखर. मग एक आवाज फुटला, चढला, मध्येच चिरला, दोन तुकडे झाला, त्यातला एक वर गेला, एक खाली पडला, आणि शेवटी शिट्टीसारखं काहीतरी होऊन संपला. पाठवणीला इतका फाटका झलगूता बाब द्रेबच्या कुठल्याही शेळीने दिला नसता. पुरुषांच्या हॉलमध्ये अबू सफवान हातातला कॉफीचा पेला तसाच धरून उभा राहिला. शेजाऱ्याने विचारलं की हे काय होतं. त्याने पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "आमच्या घरातून आहे तो."

इकडे हॉलमध्ये खौला पुढे वाकली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाला चैन पडत नव्हती.

"आमच्या रहाटासारखा निघाला गं," ती म्हणाली.

उम्म सफवान हसली. मोठ्याने, पोट हलवून, बाब द्रेबमध्ये हसायची तशी. "चांगला होता तो सफवानला दिला," ती म्हणाली. "हा रनीमचा." आणि लेकीकडे बघून तिने दुसरा दिला. तोही फाटकाच निघाला.